छावणीच्या चित्राबद्दल आप्पाकाकांना

लंडन

ती. आप्पाकाका यांस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला जुन्या बाजारात मिळालेल्या, लंडनच्या सचित्र साप्ताहिकातल्या वाटणाऱ्या पानाचा फोटो मोठा करून पाहिला. ब्रिटिशांच्या अ‍ॅबिसिनियावरच्या (आजचा इथिओपिया) मोहिमेचं चित्र असेल तर ते १८६७-६८चं. आपल्या घरात ते शोभतंही, कारण ही फौज मुंबईहून निघाली होती. सेनापती रॉबर्ट नेपियर मुंबई लष्कराचा प्रमुख. सैनिक सुमारे १३,०००, आणि मागे मोतद्दार, आचारी, पखालवाले, खेचरवाले मिळून त्यांच्या दुपटीच्या आसपास माणसं. शिवाय तोफा वाहायला ४४ हत्ती! तेव्हा चित्रात लढाई कुठे आहे असं विचारू नका. छावणीचा दिवस पाणी आणि दाणावैरण यांतच जायचा.

फौज उतरली त्या झुलाच्या किनाऱ्यावर (हे आता एरिट्रियात येतं) गोड्या पाण्याचे हाल होते. जहाजांवर समुद्राचं पाणी उकळून, वाफ थंड करून प्यायचं पाणी काढावं लागे. खेचरं आली भराभर, सांभाळणारे हात कमी. ती सुटून भटकायची आणि तहानेनं मरायची. रोगानं मेली ती वेगळीच.

म्हणून आधी पखाली बघा. भरलेली पखाल खाली ओढते, तळाशी फुगते. रिकामी चपटी पडते, तिला सुरकुत्या येतात. जागेवर बसून रेखाटणाऱ्याला हा फरक दिसतो. लंडनच्या टेबलावर चित्र पुरं करणारा सगळ्याच टम्म फुगवून ठेवतो. पागोट्यांचंही तेच. पलटणीपलटणीची बांधणी वेगळी असते, पण कितीतरी चित्रांत सगळ्यांच्या डोक्यावर एकच मुंडासं.

याचं कारण छापण्याच्या रीतीत आहे. मोहिमेवरचा चित्रकार पेन्सिलीनं कच्चं चित्र काढून टपालानं पाठवी. सुएझचा कालवा उघडला १८६९ला, त्यामुळे टपाल इजिप्तमधून जमिनीवरून जाई. इथे लंडनला दुसरा माणूस ते बॉक्सवूड नावाच्या कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर, कोरून छापण्यासाठी, उलटं उतरवी. त्या झाडाचं खोड बारीक, म्हणून आडवे कापलेले तुकडे मागून बोल्टांनी जोडलेले असत. सांध्यांवरच्या रेघा मुख्य कारागीर आधी कोरी, मग बोल्ट काढून तुकडे चार-सहा जणांत वाटले जात. साप्ताहिकाला वेळेत अंक काढायचा तर दुसरा इलाज नव्हता. पुन्हा जोडताना सांधा सैल राहिला की छपाईत आकाशातून किंवा तंबूमधून सरळ, केसाएवढी पांढरी रेघ जाते. तुमच्या फोटोत उजवीकडच्या तंबूवर तसं काहीतरी वाटतंय. ती घडी किंवा फाट समजून चिकटपट्टी लावू नका.

आता भिंग घ्या. लाकडावरून छापलेल्या चित्रात नुसत्या काळ्या रेघा असतात. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती नंतरची नक्कल. गोऱ्या अधिकाऱ्याची तलवार डाव्या कमरेला आणि पदकं डाव्या छातीवर हवीत. दोन्ही उजवीकडे असतील तर चित्र उलटं छापलंय. लाल डगले रंगवलेले असतील तर रंग बहुधा दुकानदाराचा. अंकातली पानं साधारण काळीच छापली जात.

मागच्या बाजूचाही फोटो पाठवा. तिथे मजकूर असेल तर त्यातल्या बातम्यांवरून अंकाची तारीख काढता येईल. तोवर फ्रेमवाल्याकडे टाकू नका. ते लोक डिंकानं पुठ्ठ्यावर चिकटवतात, मग मागची बाजू गेलीच.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
बंडू