रविवारची बैठक : शिकवलेली पोरं टिकवायची कशी?

सभासद मित्रहो, रविवारी सकाळी १० वाजता चिंचोळी एमआयडीसीत, नेहमीच्याच शेडमध्ये बसू. विषय एकच, तयार कारागीर हातचे जातात. माझ्या सीएनसीवरचा (संगणकावर चालणाऱ्या कटाई यंत्रावरचा) पोरगा दोन वर्षांत पुण्याला गेला. आता कडेवरून नुसतं बोट फिरवून 'बर' (कापल्यावर कडेला उरणारी धातूची बारीक खरखर) राहिलाय हे सांगणारा कुणी नाही. विमानाच्या कारखान्यांचंही हेच दुखणं. २०२४ मध्ये बोइंगचे सुमारे ३३ हजार कामगार ५३ दिवस संपावर होते, चार वर्षांत ३८ टक्के पगारवाढ घेऊनच परतले. वडोदऱ्यात सी-२९५ या लष्करी वाहतुकीच्या जातीची ४० विमानं बनायची आहेत. तसली कामं मागायची तर आधी माणसं हवीत. (पगारवाढीचं नाव काढलं की काहींना लगेच चहा आठवतो, त्यांनी चहा पिऊनच यावं.) वर्षभरात किती जण सोडून गेले, का गेले, ते लिहून आणा.