त्रुटी दाखवणाऱ्याला कायद्यात जागा द्या

प्रति,
माननीय मंत्री,
इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : सद्हेतूने सुरक्षा त्रुटी शोधून कळवणाऱ्यांना माहिती तंत्रज्ञान कायद्यात संरक्षण मिळण्याबाबत.

माननीय महोदय,
स.न.वि.वि.

जुलै १९९० मध्ये शिकागोत चाललेला एक खटला आपल्या मंत्रालयातल्या प्रत्येक अधिकाऱ्याने वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आरोपी होता क्रेग नाइडॉर्फ. वय वीस, मिझुरी विद्यापीठाचा विद्यार्थी. 'फ्रॅक' नावाचं हॅकरांचं इलेक्ट्रॉनिक नियतकालिक तो आणि त्याचा मित्र १९८५ पासून चालवत होते. आजचं इंटरनेट तेव्हा घरोघरी नव्हतं. मुलं मोडेम लावून कुणाच्या तरी घरच्या संगणकाला फोन करायची, तिथल्या बुलेटिन बोर्डावर निरोप ठेवायची, मजकूर उतरवून घ्यायची. बहुतेक बोर्डांना एकच फोनलाइन, त्यामुळे एक जण आत असेपर्यंत बाकीच्यांना एंगेज टोन. सगळे टोपणनावाने वावरत. वय, कॉलेज कुणी विचारत नसे. तुला काय येतं आणि ते तू इतरांना सांगतोस का, एवढंच पाहिलं जाई. त्यात फुशारकी होती, फोन कंपन्यांना फसवून फुकट कॉल करणंही होतं. ते मी झाकणार नाही.

नाइडॉर्फने बेलसाउथ या फोन कंपनीच्या ९११ या आपत्कालीन सेवेच्या कारभाराविषयीचा एक दस्तऐवज छापला. तो त्याने स्वतः चोरला नव्हता, दुसऱ्यांनी कंपनीच्या संगणकातून काढून त्याला दिला होता. आरोपपत्रात त्या काही पानांची किंमत लावली ७९,४४९ डॉलर. ती कशी काढली, ते बघा. दस्तऐवज ज्या संगणकावर टाइप झाला त्याचे ३१,००० डॉलर, प्रिंटरचे ६,०००, वर सॉफ्टवेअर आणि अधिकाऱ्यांच्या तासांचा पगार. खटला उभा राहिल्यावर बचाव पक्षाने दाखवून दिलं, की तशीच माहिती फोन कंपन्यांच्या स्वतःच्याच संशोधन संस्थेकडून कुणालाही १३ डॉलरला विकत मिळत होती. चौथ्या दिवशी सरकारने खटला सोडून दिला. वकिलांचा खर्च मात्र त्या पोराच्या घरच्यांच्या बोकांडी बसला.

बेलसाउथच्या यंत्रणेत प्रत्यक्ष शिरलेल्या तिघांना तुरुंगवास झाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परक्याच्या यंत्रणेत शिरून माल उचलणारा आणि मिळालेला कागद छापणारा, यांतला फरक तपास यंत्रणेला दिसला नाही, ही माझी तक्रार आहे. त्याच वर्षी १ मार्चला ऑस्टिनमध्ये सीक्रेट सर्व्हिस या अमेरिकी सरकारच्या तपास यंत्रणेने स्टीव्ह जॅक्सन गेम्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीवर छापा घातला आणि संगणक उचलून नेले. काल्पनिक जगावरच्या एका खेळाचं नियमपुस्तक त्यांना गुन्ह्याची मार्गदर्शिका वाटलं. कंपनीवर कोणताही आरोप ठेवला गेला नाही, पण दरम्यान तिला जवळपास निम्मी माणसं कमी करावी लागली. १९९३ मध्ये न्यायालयाने सरकारलाच भरपाई द्यायला लावली.

महोदय, १९९८ चा मे महिना आपल्याला पोखरणमुळे आठवत असेल. ११ आणि १३ मे रोजी चाचण्या झाल्या. १९ मे रोजी वॉशिंग्टनमध्ये 'लॉफ्ट' या बॉस्टनच्या गटातले सात हॅकर सिनेटच्या समितीपुढे आपल्या टोपणनावांनीच बसले आणि अर्ध्या तासात इंटरनेट बंद पाडता येईल, इतकी ती यंत्रणा कच्ची आहे, असं त्यांनी सांगितलं. त्यांना अटक झाली नाही, त्यांचं ऐकून घेतलं गेलं. त्यांच्यातला 'मज' पुढे अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेत अधिकारी झाला. आणि जूनच्या सुरुवातीला 'मिल्वर्म' नावाच्या, देशोदेशींच्या किशोरवयीन मुलांच्या टोळीने आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकांत शिरून ईमेल पळवले. ते भोक आपल्याच माणसाने आधी दाखवलं असतं, तर त्याला दाद कुणाकडे मागता आली असती? तेव्हा तर आपल्याकडे कायदाच नव्हता.

आज माहिती तंत्रज्ञान कायदा आहे, आणि प्रश्न जागच्या जागी आहे. त्याचं भरपाईचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात प्रवेश करण्याबद्दल बोलतं, हेतूबद्दल नाही. २००८ च्या दुरुस्तीने गुन्ह्याच्या कलम ६६ मध्ये 'अप्रामाणिकपणे किंवा कपटाने' ही अट आली, ती चांगलीच झाली. पण हेतू न्यायालयात ठरतो, आणि तोवर लॅपटॉप, फोन, हार्ड डिस्क पोलिसांच्या ताब्यात जाऊन बसतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक सुरक्षा संस्थेकडे त्रुटी कळवण्याची सोय आहे, मात्र चिडलेल्या मालकाने पोलिसांत धाव घेतली तर कळवणाऱ्याच्या पाठीशी कायदा नाही.

मी संगणकशास्त्र शिकवतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं, की एका संस्थेच्या संकेतस्थळावर पत्त्यातला आकडा बदलला की दुसऱ्याचीच गुणपत्रिका उघडते. त्याने संस्थेला सविस्तर ईमेल लिहिला. उत्तरात सायबर सेलची धमकी आली. वडील घाबरले आणि त्यांनी मुलाला हा नाद सोडायला लावला. तो हुशार मुलगा आता सुरक्षेकडे वळणार नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अमेरिकेच्या न्याय विभागाने मे २०२२ मध्ये आपल्या सरकारी वकिलांना लेखी सूचना दिली, की सद्हेतूने केलेल्या सुरक्षा संशोधनावर खटले भरू नयेत. बेल्जियमने २०२३ मध्ये अटी घालून असं संरक्षण कायद्यातच आणलं.

आपणही कलम ४३ आणि ६६ ला अपवाद जोडावा. त्रुटी सिद्ध करण्यापुरतंच पाहिलं, माहितीची नासधूस किंवा विक्री केली नाही, पैसे मागितले नाहीत आणि मालकाला किंवा सर्ट-इनला विनाविलंब कळवलं, तर ना भरपाईचा दावा, ना गुन्हा. अशा प्रकरणात उपकरणं जप्त करण्याआधी सर्ट-इनचं लेखी मत घेणं पोलिसांना बंधनकारक असावं. नुकसानीचा आकडा तक्रारदाराने सांगितला म्हणून तसाच नोंदवू नये, त्याची स्वतंत्र तपासणी व्हावी. मसुद्यावर हरकती मागवताना तो मराठीसह सर्व भारतीय भाषांत प्रसिद्ध करावा. त्यावर सूचना पाठवायला माझे विद्यार्थी आणि मी तयार आहोत.

आपला विश्वासू,
महाराष्ट्रातील संगणकशास्त्राचा एक शिक्षक