सुजाला, डॉपलरच्या आधी

कराड, मंगळवार रात्र

प्रिय सुजा,

काल तुझा फोन ठेवला आणि मला झोपच लागेना. "बाळाची वाढ दोन आठवडे मागं आहे" हे वाक्य मीही ऐकलंय, अठ्ठाविसाव्या आठवड्यात.

आधी एक सांगते. तू जेवत नाहीस म्हणून हे झालेलं नाही. तुझ्या सासूबाई तूप-खारीक पुढं करतायत, माझ्या आईनंही तेच केलं होतं. त्या मायेनं करतात, खा तू, पण दोष अंगावर घेऊ नकोस. मला एका दवाखान्यात प्रोटीन पावडर लिहून दिली, झोपून राहा म्हणून सांगितलं आणि डॉपलरचं, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचं, नावही काढलं नाही. पंधरा दिवस गेले त्यात. तो राग अजून आहे माझ्या मनात.

दुसऱ्या डॉक्टरांनी नीट बघितलं. डोक्याचा घेर ठीक होता, पोटाचा फार मागं पडला होता. वजन अंदाजे 800 ग्रॅम. पण नुसत्या वजनावर काही ठरत नाही गं. तू चणीनं लहान, तुझं बाळही मुळातच लहान असू शकतं आणि ठणठणीत असू शकतं. माझी वारच, म्हणजे नाळेतून बाळाला पोसणारी, नीट काम करत नव्हती, बीपीही चढत होतं. हा फरक रक्तप्रवाह बघितल्यावर जास्त स्पष्ट होतो.

डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला होता. नाळेतल्या रक्ताचा आलेख: प्रत्येक ठोक्याला एक सुळका, मग उतार, मग पुढचा सुळका. वार चांगली असली की दोन ठोक्यांच्या मधेही रक्त वारेकडे वाहत राहतं, म्हणून उतार तळाच्या रेषेच्या बराच वर थांबतो. माझा तिसाव्या आठवड्यात खाली आला होता. बत्तिसाव्यात रेषेला टेकला. म्हणजे ठोक्याच्या शेवटी प्रवाह थांबत होता. तो उलटा फिरला तर फार वाट बघत नाहीत. मग त्यांनी बाळाच्या मेंदूची रक्तवाहिनी दाखवली. तिथं मात्र प्रवाह वाढलेला. बाकीच्या अंगाचं रक्त कमी करून बाळ मेंदूला आधी देत होतं. सुजा, तिथं मला रडू आवरलं नाही. पोटातलं एवढंसं लेकरू, आणि एवढी धडपड.

त्याच दिवशी ॲडमिट केलं. बाळाच्या फुप्फुसांसाठी मला 12-12 तासांनी चार इंजेक्शनं, रोज बाळाच्या ठोक्यांची पट्टी, दिवसाआड डॉपलर. 33 आठवडे भरले आणि सिझर झालं. 1250 ग्रॅम. डायपर तिच्या काखेपर्यंत यायचा. 24 दिवस काचेच्या पेटीत होती, नंतर नर्सताईंनी माझ्या छातीशी उघडी बांधून दिली, तेव्हा कुठं माझा श्वास खाली बसला. आता पाच वर्षांची आहे, शेजारी पाय पसरून झोपलीय.

तुझं असंच होईल असं मी म्हणत नाही. पुष्कळदा नाळेचा प्रवाह चांगला निघतो आणि लक्ष ठेवत ठेवत दिवस भरतात. फक्त तारीख चुकवू नकोस, "पाहुणे आलेत, पुढच्या आठवड्यात जाऊ" असं अजिबात नको. वजन मात्र चार दिवसांनी परत मोजायला लावू नकोस. मोजण्यातच शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक पडतो, दोन आठवडे जाऊ देत. डॉपलर डॉक्टर सांगतील तेव्हा, आठवड्यातून दोनदा म्हणाले तरी. आणि बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली, डोकं ठणकायला लागलं किंवा डोळ्यांपुढं अंधारी आली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी नवऱ्याला उठव आणि नीघ.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं मी येते, अकरापर्यंत पोचेन. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट शोधून ठेव, आठवडे खरे किती ते त्यावरूनच कळतं. आत गेल्यावर नाळेचा प्रवाह कसा आहे हे मी विचारीन, तू नुसती पडून राहा.

तुझीच,
वर्षा