ग्लायडर शिकवणारी माणसे

दांडिया बाजार, बडोदे

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. तुमच्याकडच्या एअर कॅडेट्सच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या मुलांसाठीच्या संघटनेच्या, ग्लायडिंगचे (बहुधा बिनइंजिनाच्या विमानांतून उडण्याचे) पुढे काय होणार हे कोणी नीट सांगत नाही, आणि अशा स्थितीत शनिवार-रविवार त्या मुलांना द्यावेत की नाही, असे तू विचारले आहेस. मी आयुष्यभर विमानांच्या देखभालीचे काम केले, म्हणून आधी त्याच बाजूने लिहितो.

एप्रिल २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये व्हायकिंग आणि व्हिजिलंट या दोन्ही जातींच्या ग्लायडरची उड्डाणे थांबवली गेली, कारण त्यांच्या उड्डाणयोग्यतेची खात्री देता येत नव्हती. तो निर्णय योग्यच होता. कोणती दुरुस्ती कधी झाली आणि कोणता भाग कोणी बदलला याचा भरवसा नसेल, तर बाहेरून कितीही चांगल्या दिसणाऱ्या यंत्रात तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला बसवू नये, याबाबत मी कुणाचेही ऐकणार नाही.

मला सलते ते थांबवणे नव्हे, तर इतका काळ थांबून राहणे. मार्च २०१६ मध्ये कॅडेट्सच्या ग्लायडिंगची पुनर्रचना जाहीर झाली तेव्हा निम्म्याहून अधिक स्वयंसेवी ग्लायडिंग स्क्वाड्रन, म्हणजे मुलांना ग्लायडर शिकवणारी पथके, बंद करायचे ठरले. इंजिन असलेले व्हिजिलंट २०१८ मध्ये सेवेतून गेले. २०१४ मध्ये तेराव्या वर्षी दाखल झालेले मूल तोवर सतरा वर्षांचे झाले होते. त्याचे वय कोणत्याही मंत्रालयासाठी थांबत नाही. व्हायकिंग ही जातही १९८४ पासूनची, म्हणून तुला वाटणारी काळजी खरी आहे.

तरीही यंत्रे पैसे देऊन विकत घेता येतात. विंचने, म्हणजे लांब दोर वेगाने ओढणाऱ्या जमिनीवरच्या यंत्राने, ग्लायडर वर पाठवायचे म्हणजे विंच चालवणारा, पंखाचे टोक धरून धावणारा, इशारा देणारा, दोर परत आणणारा, उड्डाणांची वही लिहिणारा, अशी कितीतरी माणसे मैदानावर लागतात, आणि यातली बरीच कामे मुलेच शिकतात. मला तर वाटते, खरे शिक्षण तिथेच होते: आपण चुकलो तर वर बसलेल्याचे काय होईल, हे सोळा वर्षांच्या मुलाला पंख हातात असताना जितके कळते तितके सिम्युलेटरसमोर कळणे शक्य नाही. हे सारे वर्षानुवर्षे विनामोबदला शिकवणारे लोक एकदा घरी बसले, सराव सुटला, परवाने संपले, की ते सगळेच परतत नाहीत. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेत ग्लायडरची जागा मायक्रोलाइट या छोट्या हलक्या विमानांनी घेतली. पण त्यांना इंजिन असते, आणि केवळ हवेच्या आधाराने उतरण्याची शिस्त त्यातून तशी येत नाही.

म्हणून माझे मत असे की तू सोडू नयेस, मात्र मुलांना उड्डाणाचे वचनही देऊ नयेस. जे ठरलेले नाही ते ठरलेले नाही, असेच त्यांना स्पष्ट सांग. तिथे ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनशी संलग्न नागरी क्लब आहेत. तुमच्या नियमांत बसत असेल तर पालकांना एकत्र बोलावून त्यांची माहिती द्यावी. खर्चाचा प्रश्न सर्वांना झेपेल असा नाही, हे मी जाणतो. ज्यांच्या घरी पैसे नाहीत त्यांच्यासाठीच कॅडेट्सची ही योजना सर्वांत मोलाची आहे, आणि म्हणूनच ती टिकावी यासाठी तू तिथल्या खासदाराला पत्र लिहावेस असे मला वाटते. मसुदा पाठवलास तर तांत्रिक भाग मी तपासून देईन.

तुझे,
बाबा