सिझरच्या टेबलावर काय होणार ते बाईला आधी सांगा की

संपादकसाहेब, स. न. वि. वि.

सिझर वाढलीत, डॉक्टर पैशासाठी करतात, हल्लीच्या पोरींना कळा नकोच असतात, असं अधूनमधून छापून येतं आणि मग दोन्हीकडून भांडणं जुंपतात, पण जिचं सिझर होणार तिच्या वाट्याला त्या दिवशी नेमकं काय येणारे हे कोणीच लिहीत नाही, म्हणून हे पत्र. माझ्या लेकीचं सिझर इंग्लंडात लेस्टरला झालं आणि सुनेचं इथं नाशकात. दोन्हीकडे मी होते, दोन्हीकडचे डॉक्टर हुशार, दोन्ही नातवंडं ठणठणीत. तक्रार ऑपरेशनची नाहीच मुळी, तक्रार आहे ती न सांगण्याची.

लेकीचं सिझर आधी ठरवून होतं. ३९ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय ते तारीखच देत नाहीत कारण त्याआधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास व्हायची शक्यता जास्त (आपल्याकडे गुरुजींकडून मुहूर्त काढून आणून डॉक्टरच्या टेबलावर ठेवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं). तिला आधीच बोलावून सगळं सांगितलं. पाठीत सुई देणार, पाय जड होतील, दुखणार नाही पण आतून ओढल्यासारखं, चाचपल्यासारखं कळेल, अंगाला थंडी वाजून थरथर सुटेल, मळमळेल, ते सगळं नॉर्मल आहे, घाबरू नका. बाळ पहिल्या पाच-दहा मिनिटांतच बाहेर येतं, बाकीचा अर्धा-पाऊण तास टाके घालण्यात जातो. हेसुद्धा सांगितलं, आणि मला वाटतं याचाच तिला सगळ्यात जास्त आधार झाला, कारण बाळ रडल्यावरही आपण अजून टेबलावर का, काही बिघडलंय का, असली शंका मनात येत नाही.

जावई आत तिच्या उशाशी बसलेले, डोक्याला टोपी, अंगात हॉस्पिटलचे कपडे. पाठीत भूल दिली असेल तर तिकडे सोबतीला एक माणूस आत असणं ही नेहमीचीच गोष्ट आहे, पूर्ण भूल द्यावी लागली तर मात्र बाहेर थांबायला सांगतात. बाळ निघालं की पडदा खाली करून दाखवलं, नाळ लगेच न कापता थोडं थांबले, आणि टाके चालू असतानाच बाळ तिच्या छातीवर. मी बाहेर. एकालाच परवानगी, आई असली म्हणून काय झालं!

नंतर वॉर्डात चहा-टोस्ट. मी आपली कढत पाणी, साजूक तुपाचा भात असलं मनात घेऊन गेलेली आणि ही पोरगी टोस्ट खाऊन वर गार ज्यूस पितेय. लघवीची नळी साधारण बारा तासांनी काढली, लगेच उठवून चालायला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी घरी! माझा तर जीवच वर. पण घरी मिडवाइफ (म्हणजे शिकलेली सुईण) येऊन टाके बघून गेली, बाळाचं वजन करून गेली, पुढे हेल्थ व्हिजिटर, म्हणजे तिकडची आरोग्यसेविका, येत राहिली. रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून पायात घट्ट मोजे, आणि इंजेक्शनं तर तिची तिनेच पोटाला टोचून घ्यायची, ते बघून मीच तोंड फिरवलं. मालिशवाली बाई नाही, शेक नाही, स्वयंपाकाला माणूस नाही. नवऱ्याची सुट्टी संपली की बाई एकटी. मी गेले नसते तर तिचं काय झालं असतं कोण जाणे, आणि तिथे कितीतरी जणींची आई जाऊ शकत नाही.

आता सुनेचं. नॉर्मलचीच तयारी होती, कळा सुरू झालेल्या, मग बाळाचे ठोके कमी व्हायला लागले आणि धावपळ. घाईत सगळं सांगायला वेळ नसतो हे मला कळतं हो, बाळ वाचवणं पहिलं. पण नऊ महिने दर तपासणीला जात होतो तेव्हा कोणी पाच मिनिटं देऊन सांगितलं का, की सिझर करायची वेळ आली तर असं असं होईल? फॉर्म इंग्रजीत, आधी मुलाची सही, मग तिची, कुणी काही वाचलं नाही. टेबलावर तिला थरथर सुटली तेव्हा तिला वाटलं आपण चाललो. दातांवर दात आपटत होते आणि ती एकटी, ओळखीचं एक माणूस आजूबाजूला नाही, कोणीतरी नुसतं 'हलू नका' म्हणालं. बाळ क्षणभर दाखवलं आणि गुंडाळून बाहेर आम्हाला आणून दिलं. आत्याने घेतलं, शेजारणीने घेतलं, फोटो व्हॉट्सॲपवरून सुरतेच्या मावशीपर्यंत पोचला, मावशीचा 'अगदी आजोबांवर गेलंय' असा मेसेजही आला, आणि आईच्या कुशीत बाळ संध्याकाळी. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिल्या तासात अंगावर पाजा, आणि पाठीत भूल दिलेली बाई शुद्धीवर असतेच की, मग अडतं कुठं?

बरं, हे फक्त इंग्लंडचं कौतुक नाही. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने इन्शुरन्सवाल्यांना सिझरनंतर ९६ तास तरी हॉस्पिटलचा खर्च नाकारता येत नाही, म्हणजे चार दिवस, आणि त्यासाठी कायदा करावा लागला यातच सगळं आलं. जपानात आठवडाभर तरी ठेवून घेतात पण नवऱ्याला आत घेणं तिथेही सर्रास नाही. जर्मनीत सुईण घरी येते, बारा आठवड्यांपर्यंत, खर्च विम्यातून. नेदरलँड्समध्ये तर बाळंतिणीसाठी शिकलेली मदतनीस आठ-दहा दिवस घरी येऊन बाळ-बाळंतीण बघते आणि घरातलंही थोडं आवरून जाते. आपल्याकडे हे माहेर करतं, पण माहेर नसलेल्या, दुरावलेल्या पोरींचं काय याचा विचार आपण केलेला नाही. कोरियात पैसे भरून दोन आठवडे राहायची खास बाळंतिणींची केंद्रंच आहेत. आणि ब्राझील, जिथे निम्म्याहून जास्त बाळंतपणं सिझरने होतात, खासगीत तर ८० टक्क्यांच्या वर, तिथेसुद्धा २००५ पासून कायदा आहे की सरकारी दवाखान्यात बाईच्या पसंतीचं एक माणूस तिच्यासोबत राहणार.

आपले आकडेही सांगते कारण लोक फुगवून सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ ला देशात साडेआठ टक्के सिझर होती, २०१९-२१ मध्ये साडेएकवीस. महाराष्ट्रात २५.४. पण देशभरातलं नुसतं खासगी बघितलं तर ४७.४ आणि सरकारी १४.३, आता या दोन आकड्यांमधली दरी नुसती बायकांच्या हाडापेराने पडली म्हणायची का? जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली १० ते १५ टक्के म्हटलं होतं, २०१५ मध्ये त्यांनीच सांगितलं की ठराविक टक्का गाठण्यापेक्षा जिला गरज आहे तिला मिळालं पाहिजे. ते खरंच आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या सुरगाण्याच्या, पेठच्या बाईला घाट ओलांडून वेळेत टेबल मिळणं हाच मोठा प्रश्न, तिच्यापुढे माझी पडद्याची आणि छातीवर बाळाची गोष्ट म्हणजे चैन वाटेल, पण सांगण्याला कुठे पैसे लागतात?

म्हणून शहरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना हात जोडून विनंती, सातव्या-आठव्या महिन्यात प्रत्येकीच्या हातात मराठीत एक पान द्या, सिझर होणार असो नसो. भूल कशी देतात, काय जाणवेल, नळी कधी निघेल, गॅस पास होईपर्यंत उपाशी ठेवणार की आधीच पाणी देणार (हल्ली बरेच डॉक्टर लवकर देतात), टाक्यांची काळजी, जड किती दिवस उचलायचं नाही, पुढच्या खेपेला नॉर्मल होऊ शकते का. ते होऊ शकतं बरं का, पहिला छेद आडवा असेल आणि दुसरं काही कारण नसेल तर चारातल्या जवळजवळ तिघींची होते, गर्भाशयाचा व्रण फाटायचा धोका साधारण दोनशेत एकीला, म्हणून मोठं हॉस्पिटल हवं. आणि पाठीतल्या सुईने जन्माची कंबर धरते ही भीतीही त्यात खोडून काढा, थोड्याजणींचं डोकं दुखतं काही दिवस, ते लगेच सांगायचं असतं. आरोग्य विद्यापीठ आपल्याच गावात आहे, म्हसरूळला, त्यांनी मनावर घेतलं तर असं पान तयार करायला किती वेळ लागेल? शिवाय ठरवून केलेल्या सिझरला एक तरी माणूस आत घ्या, नवरा नको तर आई, सासू, बहीण. सरकारने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांसाठी बाळंतपणाच्या वेळी सोबतीणीची सूचना काढलीये, सिझरच्या खोलीपर्यंत ती का पोचू नये?

आणि ज्यांना सरकारी दवाखान्यात जायचंय त्यांनी हे लिहून ठेवा. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझरसुद्धा फुकट आहे, औषधं, तपासण्या, रक्त, सात दिवस जेवण, घरून नेणं आणि घरी सोडणं, सगळं. कोणी पैसे मागितले तर या योजनेचं नाव घेऊन विचारा.

संपादकसाहेब, पत्र लांबलंय, कापावं लागलं तर टोस्टचं कापा, जर्मनी-जपान कापा, पण वरचा सरकारी दवाखान्याचा परिच्छेद तेवढा राहू द्या.

आपली,
एक आजी, इंदिरानगर, नाशिक