मांजर गेलं, तर पुरण्याआधी आम्हाला कळवा

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका सभासद ताईंची तेरा वर्षांची भाटी डावीकडे गोल गोल फिरू लागली. बशीतलं डाव्या बाजूचं खायची, उजवीकडचं तसंच राहायचं. ताईंनी बशी फिरवली की तेही संपवायची. "वय झालं तिचं," असं सगळे म्हणाले, आम्हीही म्हणालो. मग फिट्स आल्या आणि आठवड्याभरात ती गेली. त्याच रात्री अंगणात पुरली. तिला काय झालं होतं ते आता कधीच कळणार नाही.

दिवाळीनंतर नवी पेठेतल्या एका म्हाताऱ्या बोक्याचं तसंच झालं. तो गेल्यावर घरच्यांनी मन घट्ट करून शवविच्छेदनाला परवानगी दिली. मेंदूच्या आवरणाला धरून वाढलेली, सुपारीएवढी पांढुरकी गाठ निघाली. मेनिन्जिओमा. मांजरांच्या मेंदूत उगम पावणाऱ्या गाठींमध्ये हीच सर्वांत जास्त आढळते, आणि बहुधा दहा वर्षांपुढच्या मांजरांत. ती सहसा मेंदूत पसरत नाही, बाहेरून दाबत राहते. म्हणूनच वेळेत सापडली तर शस्त्रक्रियेने काढता येते आणि मांजर पुढे दोन-दोन वर्षंही चांगलं जगू शकतं. तो अहवाल वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो होतो.

म्हणून हे आवाहन.

गाठ डोळ्यांना दिसली म्हणून तिचं नाव कळत नाही. आपल्याकडे अशा प्रत्येक मांजराबाबत पहिला प्रश्न रेबीजचा, त्यामुळे मेंदूचा ताजा तुकडा आधी त्या तपासणीला जातो. उरलेला मेंदू त्याच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो सडू न देणाऱ्या द्रावणात, ठेवतात. ताजा मेंदू लोण्यासारखा मऊ असतो, तो नीट घट्ट व्हायला आठवडाभर तरी लागतो. मग त्याच्या चकत्या करतात, हव्या त्या जागेचे तुकडे मेणात बसवतात आणि चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप घेऊन निळ्या-गुलाबी रंगात रंगवतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग! सूक्ष्मदर्शकाखाली मेनिन्जिओमाच्या पेशी भोवऱ्यासारख्या एकमेकींभोवती गुंडाळलेल्या दिसतात, मध्येच चुन्याचे कण, कधी कोलेस्टेरॉल विरघळून गेल्यावर उरलेल्या सुईसारख्या फटी. लिम्फोमात, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगात, गोल, गडद पेशींची दाटी असते. एफआयपी या मांजरांच्या विषाणूजन्य आजारामध्ये गाठ नसतेच, रक्तवाहिन्यांभोवती आणि मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेने सूज असते. एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर विशिष्ट प्रथिनं ओळखणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी करावी लागते: ग्लायोमा, म्हणजे मेंदूतल्या आधारपेशींची गाठ, ओळखायला जीएफएपी हे प्रथिन, टी-पेशींच्या लिम्फोमासाठी सीडी३. ही तपासणी महाग पडते आणि पैशांअभावी बहुतेकदा तिथेच थांबावं लागतं.

गेलेल्या मांजराला याचा उपयोग नाही, हे खरं. पण त्याच घरात दुसरी मांजरं असतात, त्यांना कुशीत घेऊन झोपणारी मुलं असतात. रेबीज होता की गाठ होती, हे त्यांच्यासाठी कळायलाच हवं. आणि एकेका अहवालामुळे आपल्या भागातले डॉक्टर पुढच्या मांजराकडे "म्हातारपण" म्हणून पाहणार नाहीत, असा आमचा विश्वास आहे.

शवविच्छेदन, स्लाइड, प्रतिपिंड तपासणी आणि ने-आण यांसाठी आम्ही निधी उभारत आहोत. पाचशे द्या, पन्नास द्या, पावती मिळेल, आणि दर महिन्याच्या बैठकीत हिशेब वाचून दाखवला जाईल. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी महिन्यातून एखादी फेरी स्वीकारावी. मेंदू काही तासांतच सडू लागतो, त्यामुळे वेळेवर पोचवणारा माणूस आम्हाला पैशांइतकाच हवा आहे.

मांजर अजून तुमच्याजवळ असेल आणि गोल फिरत असेल, भिंतीला डोकं टेकून उभं राहत असेल, अचानक त्याची नजर गेली असेल, तर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. असं मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठा, लशीला उशीर करू नका.

ते गेलंच, तर उघड्या हातांनी हाताळू नका. दुहेरी पिशवीत घालून भोवती बर्फ ठेवा. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका, कारण गोठल्यावर पेशी फाटतात आणि स्लाइडवर काही वाचता येत नाही. मग आमच्यापैकी कुणालाही हाक मारा, रात्रीसुद्धा. बर्फ आणि पेटी आमच्याकडे तयार असते.