होरेसला मौजमजेच्या खात्यात टाकू नका

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत रोमन कवी होरेसची ओळख ‘खा, प्या, मजा करा’ सांगणारा कवी अशी करून दिली आहे. लॅटिन मला येत नाही, भाषांतरांवरच माझं भागतं. तरीही हे वाचून राहवलं नाही.

इ.स.पू. ४२ मध्ये फिलिपीच्या लढाईत हा माणूस सीझरचा मारेकरी ब्रूटस याच्या बाजूने लढला आणि हरला. ढाल टाकून पळालो, हे त्याने स्वतःच कवितेत लिहून ठेवलंय (असा कबुलीजबाब देणारे कवी विरळाच!). एका कवितेत लेउकोनोई नावाच्या स्त्रीला तो सांगतो, बाबिलोनी ज्योतिषाचे आकडे मांडत बसू नकोस, आजचा दिवस वेचून घे. पण हाच होरेस दुसऱ्या कवितेत पोस्तुमुस नावाच्या माणसाला काय ऐकवतो? जमीन, घर, लाडकी बायको, सगळं इथेच सोडायचंय. तू लावलेल्या झाडांपैकी सोबत येईल ते फक्त सुरूचं, स्मशानातलं. शंभर कुलपांत जपलेली मद्यं वारस पिईल, वर फरशीवर सांडेलही. यात मौज कुठे आहे?

रोमन कवी कातुलुसचंही तेच. प्रेयसी लेस्बियाकडे हजारो चुंबनं मागताना मध्येच त्याला न संपणारी रात्र आठवते. आणि भावाच्या थडग्यापाशी, तिकडे ट्रॉयच्या मुलखात, तो मुक्या राखेशी बोलतो. ती कविता मी एकटी असतानाच वाचते.

पुढच्या वेळी सुटी ओळ छापण्याऐवजी पोस्तुमुसची कविता अख्खी छापाल का? जेमतेम २८ ओळींची आहे. एखादी जाहिरात लहान केली तरी मावेल.

आपली,
एक जुनी वाचक